कलमाच्या आकड्यामागे

(शिरूर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्या वकीलसाहेबांकडे मी उमेदवारी केली. पक्षकार आला की बसायच्या आतच म्हणायचा, "साहेब, पोरावर तीनशे सात लागलाय. कलम कमी होईल का?" साहेब हातातला एफआयआर टेबलावर पालथा ठेवायचे आणि म्हणायचे, "कलम राहू दे. झालं काय, ते सांग." पुढचा अर्धा तास पक्षकार बोलायचा आणि साहेब ऐकायचे. बांध कुठला, पाण्याची पाळी कुणाची, पहिला शब्द कुणाचा, हातात काय होतं, घाव कुठे बसला, हे सगळं विचारून झालं की मगच तो कागद सुलटा व्हायचा.

आज मी बोलणार आहे ते त्या पालथ्या ठेवलेल्या कागदाबद्दल. गंभीर गुन्ह्याचा आरोप सौम्य कसा होतो, तो कधी व्हावा आणि कधी होऊ नये, हा आजचा विषय आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत असं घर विरळाच, ज्याच्या भावकीत हा प्रश्न कधी ना कधी आला नाही.

सुरुवात मात्र दीडशे वर्षांमागून करतो. कारण कागदावरच्या आकड्याच्या मागे जाऊन पाहायचं असतं, हा धडा इंग्रज सरकारला याच मातीनं शिकवला.

१८७४चा डिसेंबर. इथून जवळच्या करडे गावात बाबासाहेब देशमुख नावाच्या शेतकऱ्यावर काळूराम सावकाराचं दीडशे रुपयांचं कर्ज होतं. सावकारानं त्यांना घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा कोर्टातून मिळवला. गाव चिडलं आणि सावकारांशी व्यवहारच तोडून बसलं. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांच्या घरी पाणी भरायचं नाही, त्यांची हजामत करायची नाही, असं ठरलं. हे लोण गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, पण तेव्हा ते भीमथडीत होतं आणि आपला दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीतला. इतिहासात या उठावाला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पुणे जिल्ह्यात ५५९ माणसं पकडली गेली आणि ३०१ जणांना शिक्षा झाली. नगर जिल्ह्यात ३९२ पकडले गेले आणि २०० जणांना शिक्षा झाली.

या दंग्यात लोकांचा रोख होता गहाणखतांवर आणि कर्जरोख्यांवर. सावकाराचा जीव घ्यायला कुणी निघालं नव्हतं. रोखा हाती आला की तो जाळायचा, आणि सावकारानं तो मुकाट्यानं दिला तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागत नसे. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला एक नवं काम सांगितलं. रोख्यावर लिहिलेला आकडा आहे तसा मान्य करायचा नाही. पहिली रक्कम किती दिली, व्याज कसं चढत गेलं, हा सगळा इतिहास उकरायचा आणि खरं देणं किती ते ठरवायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणंही याच कायद्यानं थांबवलं.

मला वाटतं, फौजदारी न्यायाचं सार यातच आहे. रोख्यावर जसा पाचशेचा आकडा, तसा एफआयआरवर तीनशे सातचा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, आकडा. दोन्ही लिहिणारा एक असतो आणि भोगणारा दुसरा. त्या आकड्याच्या मागे जाणं हे न्यायालयाचं काम आहे, आणि ते काम न्यायालयाकडून मागून घेणं हा नागरिकाचा हक्क आहे.

आता कायद्याकडे वळू. आपल्या घराघरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून आपण 'फेलनी' आणि 'मिस्डीमीनर' हे शब्द ऐकतो. पहिला भारी गुन्हा, दुसरा हलका. कॅलिफोर्नियात काही गुन्हे असे आहेत की ते दोन्ही बाजूंना झुकू शकतात. त्यांना तिथले वकील 'वॉब्लर' म्हणतात. तिथल्या दंडसंहितेच्या कलम १७(ब) खाली न्यायाधीश असा गुन्हा, परिवीक्षेचा काळ नीट पार पडल्यावरसुद्धा, हलका म्हणून जाहीर करू शकतो. ही विभागणी मूळची इंग्लंडची. इंग्लंडनं ती १९६७ साली मोडीत काढली. आपल्याकडे १८६०च्या भारतीय दंड संहितेनं ती घेतलीच नाही.

मग आपल्याकडे भारी-हलकं ठरतं कशावरून? दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, खटला दंडाधिकाऱ्यापुढे की सत्र न्यायालयात, या रेषा आपल्याला माहीत आहेत. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक रेषा ठळक झाली आहे, ती सात वर्षांची. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये. आधी नोटीस द्यावी, आणि अटक करायचीच असेल तर कारणं लिहावीत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. कुणी सांगो न सांगो, फेलनीची आपली वेस सात वर्षांशी येऊन उभी राहिली आहे.

या वेशीच्या कुठल्या बाजूला आपलं प्रकरण पडतं, ते बांधावरच्या एका क्षणात ठरतं. चासकमानच्या कालव्याची पाळी असो नाहीतर खडकवासल्याच्या, दोन चुलत भाऊ समोरासमोर येतात. शब्दाला शब्द लागतो, काठी उचलली जाते आणि एकाचं डोकं फुटतं. या एका घटनेला किती नावं देता येतात ते बघा. साधी दुखापत असेल तर दंड संहितेचं जुनं कलम ३२३, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ११५(२), एक वर्षापर्यंत कैद. तीच दुखापत घातक हत्यारानं केली असेल तर ३२४, आताचं ११८(१), तीन वर्षांपर्यंत. जबर दुखापत असेल तर ३२५, आताचं ११७(२), सात वर्षांपर्यंत. जबर दुखापत आणि घातक हत्यार दोन्ही असेल तर ३२६, आताचं ११८(२), जन्मठेपेपर्यंत. आणि जीव घेण्याचा हेतू होता असं म्हटलं की ३०७, आताचं १०९. त्यात दुखापत झाली असेल तर तिथेही जन्मठेपेपर्यंत शिक्षा. काठी तीच, डोकं तेच. एका टोकाला एक वर्ष, दुसऱ्या टोकाला उभं आयुष्य.

या पायऱ्यांमध्ये तीन गोष्टी निर्णायक असतात: जखम, हत्यार आणि हेतू. तिन्हींचा थोडा विस्तार करतो.

जखमेबद्दल बोलताना दवाखान्यात 'सीरियस' म्हणतात ते, आणि कायदा 'जबर दुखापत' म्हणतो ते, एकच नव्हे. कायद्यानं आठ प्रकार मोजून दिले आहेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, असे ते प्रकार. आठव्या प्रकारात जिवाला धोका, किंवा ठरावीक दिवस तीव्र वेदना अथवा नेहमीची कामं न करता येणं. हे दिवस पूर्वी वीस होते, न्याय संहितेनं ते पंधरा केले. म्हणजे डोक्याला सात टाके पडले, रक्तानं सदरा भिजला, तरी हाड शाबूत असेल तर ती कायद्यानं साधी दुखापत ठरू शकते. आणि बुक्कीनं एक दात पडला तर ती जबर. म्हणून सरकारी दवाखान्यातलं पहिलं प्रमाणपत्र, ससूनला पाठवलं असेल तर तिथला सीटी स्कॅन, आणि डिस्चार्ज कार्ड, हे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. 'जबर' असा शेरा आहे, पण हाड मोडल्याचा एक्स-रे कुठेच नाही, अशी प्रकरणं मी स्वतः चालवली आहेत.

आता हत्यार. काठी, दगड, खोरं हे दर वेळी घातक हत्यार ठरतंच असं नाही. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५च्या निकालात दगडानं झालेली जबर दुखापत होती. दगड किती मोठा होता हेच सिद्ध झालं नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ३२६ची शिक्षा ३२५वर आणली. पंचनाम्यात नुसतं 'एक दगड' लिहिणं आणि त्याचं वजन, आकार लिहिणं, यात आरोपीच्या आयुष्याची काही वर्षं असतात.

तिसरा हेतू. हा डोळ्यांना दिसत नाही. हत्यार काय, घाव शरीराच्या कुठल्या भागावर, किती वेळा आणि किती जोरानं, यावरून तो ओळखावा लागतो. इथे एक गैरसमज दूर करतो. जखम किरकोळ म्हणून ३०७ आपोआप गळत नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जखम प्राणघातक असलीच पाहिजे असं नाही, हेतू आणि कृती पाहायची. छातीवर रोखलेली गोळी दंडाला चाटून गेली, तरी तो खुनाचा प्रयत्नच. त्याच न्यायानं, जखम मोठी दिसते म्हणून खुनाचा हेतू होताच, असंही म्हणता येणार नाही.

कलम कमी कुठे कुठे होऊ शकतं? पोलीस ठाण्यातली भाषा 'कलमवाढ' आणि 'कलम कमी' अशी आहे. तपासात पुरावा आला नाही तर दोषारोपपत्रातच भारी कलम वगळता येतं. ते राहिलं तर प्रकरण शिरूरच्या किंवा दौंडच्या दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयात जातं. तिथे पहिला मोठा दरवाजा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५० खाली आरोपी साठ दिवसांत दोषमुक्तीसाठी अर्ज करू शकतो. कलम २५१ खाली सत्र न्यायाधीशांना वाटलं की कागदांवरून खुनाचा प्रयत्न दिसत नाही, पण दुखापत दिसते, तर ते हलक्या कलमाचा दोषारोप ठेवून खटला पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. इंग्रजीत ज्याला भारी आरोप हलका होणं म्हणतात, त्याचा आपल्याकडचा खरा अवतार हा. पक्षकार ज्याला 'केस परत शिरूरला आली' म्हणतो, तो दिवस हाच.

पुढेही दरवाजे आहेत. निकाल लागेपर्यंत न्यायालय दोषारोप बदलू शकतं, वर नेऊ शकतं तसं खालीही आणू शकतं. भारी गुन्हा सिद्ध झाला नाही, पण त्याच्या पोटातला हलका सिद्ध झाला, तर वेगळा दोषारोप नसतानाही त्या हलक्या गुन्ह्यासाठी शिक्षा देता येते. अपिलातही असा बदल होतो. मात्र 'प्ली बार्गेनिंग' नावाची जी सोय २००६पासून आपल्याकडे आहे, तिच्याबद्दल घाईनं मत करू नका. सात वर्षांपर्यंतच्याच काही गुन्ह्यांत ती चालते, आणि तिथे सौदा होतो तो शिक्षेचा, कलमाचा नव्हे.

सत्र न्यायालयापर्यंत गेलेल्या आणि देशानं पाहिलेल्या दोन प्रकरणांची आठवण करून देतो. पहिलं आपल्या मुंबईचं. २७ एप्रिल १९५९ला नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. बचाव असा होता की पत्नीच्या कबुलीनं अचानक आणि तीव्र प्रक्षोभ झाला, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. सर्वोच्च न्यायालयानं २४ नोव्हेंबर १९६१ला ते नाकारलं. कबुलीनंतर पत्नी-मुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावर जाऊन पिस्तूल घेणं, मग आहुजांच्या घरी जाणं, यात राग शांत व्हायला पुरेसा वेळ गेला होता, हे न्यायालयानं तासांचा हिशेब करून दाखवलं. कलम कमी मागणाऱ्याला घड्याळही तपासावं लागतं.

दुसरं पतियाळाचं. डिसेंबर १९८८मध्ये रस्त्यावरच्या भांडणात एका वृद्धाचा मृत्यू झाला. नवज्योतसिंग सिद्धू यांना पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २००६ साली सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८मध्ये तो गुन्हा ३२३वर आणला आणि शिक्षा एक हजार रुपये दंडावर. मग मृताच्या कुटुंबानं फेरविचार मागितला, आणि १९ मे २०२२ला कलम तेच ठेवून शिक्षा एक वर्षाच्या सक्तमजुरीची झाली. कलम कमी झालं म्हणून गेलेल्या जिवाचं मोल एक हजार होत नाही, हे त्या निकालानं दुरुस्त केलं.

कलम कमी होण्याच्या नादात दुसरी बाजू नजरेआड होते, म्हणून तीही आग्रहानं मांडतो. पुणे-नगर रस्ता आपल्या शिरूरमधून जातो, पुणे-सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातल्या यवत-पाटसवरून. या रस्त्यांवर किती घरं उजाडली ते आपण पाहतो. १२ नोव्हेंबर २००६ला मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली जीव गेला. खालच्या न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं स्वतःहून प्रकरण हाती घेऊन सदोष मनुष्यवध ठरवला, तीन वर्षं दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली ते कायम केलं. पदपथावर झोपलेल्यांचा वकील कोण होणार होता? तिथे आकड्याच्या मागे जाणं म्हणजे आकडा वाढवणं होतं.

तडजोडीचंही तसंच आहे. बांधावरची दोन घरं खरोखर मनानं एक झाली असतील तर उच्च न्यायालय ३०७चं प्रकरणही रद्द करू शकतं. नरिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१४च्या निकालानं सांगितलं की ते कलम खरोखर लागतं की नुसतं नावापुरतं घातलंय, हे जखमेवरून, जागेवरून आणि हत्यारावरून पाहा. पण २०१९मध्ये लक्ष्मी नारायण प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी बजावलं की खुनाचा प्रयत्न हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, नुसत्या समझोत्याच्या कागदावर तो मिटत नाही. माझ्या गावातल्या लोकांना मी हेच सांगतो. मार खाल्लेली बाई माहेरी बसलेली असताना, किंवा वस्तीवरच्या माणसावर अख्ख्या गावाचा दबाव असताना झालेली सही ही तडजोड नव्हे. ती दुसरी मारहाण आहे.

आता शिक्षा झाल्यानंतरचं. कॅलिफोर्नियासारखं गुन्ह्याचं नावच बदलण्याची सोय आपल्याकडे नाही. पण १९५८चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे, आणि आपल्या तालुका न्यायालयांत त्याचा वापर फार कमी मागितला जातो, ही माझी जुनी खंत आहे. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न पाठवता सोडू शकतं. वय एकवीसच्या आत असेल तर कलम ६ सांगतं की त्याला तुरुंगात पाठवायचंच असेल तर न्यायालयानं कारणं लिहावीत. आणि कलम १२ सांगतं की अशा रीतीनं सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे कुठलीही अपात्रता येणार नाही. दोष पुसला जात नाही, पण त्याची सावली आखडते. इथेच आधीच्या सगळ्या कष्टाचं मोल कळतं. ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला कलम ४ आणि ६ ही दोन्ही लागत नाहीत. म्हणजे ३२६ सिद्ध झालं तर हा दरवाजा बंद, ३२५ सिद्ध झालं तर उघडा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात प्रौढ आरोपीला ही सवलत नाही, आणि तशी ती नसणंच योग्य आहे.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या मैदानाशेजारून पहाटे गेलात तर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. शेतकऱ्यांची, ऊसतोड मजुरांची, कुरकुंभच्या कारखान्यांत बदलीवर काम करणाऱ्यांची. अशाच एका पोराचं प्रकरण माझ्याकडे होतं. चुलत्यांच्या भांडणात तो सोडवायला गेला आणि एफआयआरमध्ये पाचवं नाव म्हणून आला. त्याच्या हातात काही नव्हतं, हे फिर्यादीच्या जबाबातच होतं. दोषमुक्तीचा अर्ज वेळेत झाला असता तर तो सहा महिन्यांत मोकळा झाला असता. आमच्याकडे तो आला पाच वर्षांनी, वयाची मर्यादा उलटल्यावर. खटल्यातून तो सुटला, पण भरती गेली ती गेलीच. म्हणून तरुणांना दोन गोष्टी सांगतो. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात केस लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की किरकोळ गुन्ह्याची बाब असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ती पोटात घालू शकतो, पण लपवणं हे स्वतंत्र कारण ठरू शकतं. आणि दुसरं, 'बघू पुढे' म्हणून अर्ज लांबवू नका.

शेवटी अशा माणसांबद्दल बोलतो, ज्यांच्यावर कलम घटनेआधीच लागतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं, आणि १९११च्या कायद्यानं आपल्या मुलखातही, पारध्यांसारख्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि वस्तीवरची माणसं 'रेकॉर्डवरची' राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावलीतला जातीवर आधारलेला भेद घटनाबाह्य ठरवला, आणि भटक्या-विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना दिली. शिरूर-दौंडच्या माळांवर राहणाऱ्या या बांधवांसाठी कलम कमी होणं ही पुढची गोष्ट झाली. पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारायला हवं की झालं काय.

माझी विनंती साधी आहे. दवाखान्यात गेलात तर प्रमाणपत्राची नक्कल मागा. पंच म्हणून सही करण्याआधी पंचनामा वाचा. आरोपी असाल तर पहिल्या साठ दिवसांत वकील गाठा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीचं दार तुमच्यासाठीच आहे. फिर्यादी असाल तर रागाच्या भरात 'जिवे मारण्याच्या उद्देशाने' हे शब्द उसने घेऊ नका. जे झालं तेवढंच सांगा, त्यातच तुमच्या फिर्यादीची ताकद आहे. आणि माझ्या तरुण वकील मित्रांनो, एफआयआर हातात आला की तो आधी पालथा ठेवा.

करड्याच्या त्या शेतकऱ्याच्या रोख्यावरचा आकडा कोर्टानं जसाच्या तसा मानला, आणि त्यातून एक मुलूख पेटला. रोख्यामागचा हिशेब कधी कुणी उकरायचा, हे ठरायला पुढे पाच वर्षं लागली. आपल्याला आज तेवढं थांबायची गरज नाही. कागद पालथा ठेवायला एक क्षण लागतो, आणि मग समोरचा माणूस बोलायला लागतो.